स्वदेशी की विदेशी? आधी वही दाखवा

नायरा एनर्जी ही गुजरातेत वाडिनारला रिफायनरी चालवणारी कंपनी. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्ट या तेल कंपनीचा जवळजवळ निम्मा वाटा आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादले आणि पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. परवाने पैसे मोजून घेतलेले, तरी कर्मचाऱ्यांना स्वतःचीच ईमेल उघडेना. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, काही दिवसांत सेवा सुरू झाल्या आणि कंपनीपुरता विषय मिटला. देशापुरता मात्र तिथूनच सुरू झाला. सप्टेंबरमध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण झोहो या भारतीय कंपनीच्या सॉफ्टवेअरवर गेल्याचे जाहीर केले, ऑक्टोबरमध्ये अमित शहा यांनी आपला नवा ईमेल पत्ता कळवला, आणि मग चॅनेलपासून सोसायटीच्या कट्ट्यापर्यंत सगळीकडे एकच वाद रंगला: सॉफ्टवेअर स्वदेशीच हवे, की विदेशी चालेल? 'किल्ल्या परक्याच्या हाती कशाला' असे एक बाजू म्हणते. 'दर्जा बघा, देश काय बघता' असे दुसरी.

माझ्या मते हा वाद चुकीच्या टोकाने चालला आहे. सॉफ्टवेअर कोणाचे हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर दुसरा. तुमच्या संस्थेने कोणते सॉफ्टवेअर कोणाकडून, किती दराने, कोणत्या तारखेपर्यंत घेतले आहे आणि त्या तारखेनंतर तुमचा डेटा तुम्हाला कसा परत मिळणार आहे, हे एका ठिकाणी लिहिलेले आहे का, हा पहिला. महापालिका असो, सहकारी बँक असो, विद्यापीठ असो की साखर कारखाना, ज्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर नाही तो उद्या विदेशी कंपनी सोडून स्वदेशी कंपनीकडे गेला तरी मालक बदलेल, गुलामी तीच राहील. आणि हिशेब तपासणीच्या निमित्ताने संस्थांच्या कपाटांत डोकावणे हाच धंदा असल्यामुळे सांगतो, बहुतेकांकडे हे उत्तर नसते.

कोणत्याही अनुदानित महाविद्यालयात जा. तिथे डेडस्टॉक रजिस्टर असते. सरकारी भाषेत जडवस्तू संग्रह नोंदवही. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने क्रमांक घातलेला असतो आणि तो क्रमांक वहीत सापडतो: कोणत्या साली घेतली, कोणाकडून, बिल क्रमांक काय, किंमत किती. खुर्ची मोडली तरी ती फेकून देता येत नाही. निर्लेखनाचा प्रस्ताव, समितीची पाहणी, ठराव, मग भंगारवाला. त्याच इमारतीत प्रवेशाचे एक सॉफ्टवेअर असते, फीचे दुसरे, ग्रंथालयाचे तिसरे, परीक्षा विभागाचे चौथे. फीच्या सॉफ्टवेअरचे वार्षिक बिल 'संगणक देखभाल' या शीर्षाखाली पडते, ग्रंथालयाचे पुस्तकांच्या तरतुदीतून जाते, परीक्षेचे परीक्षा निधीतून, आणि अँटिव्हायरस मी चक्क 'लेखनसामग्री'त पाहिला आहे. नूतनीकरणाची आठवण करणारी ईमेल येते ती दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या लिपिकाच्या खासगी जीमेलवर. ओटीपी जातो निवृत्त झालेल्या कुलसचिवांच्या मोबाइलवर, आणि ते नातवंडांकडे पुण्याला गेलेले असतात. वर्षाला काही लाखांचा खर्च, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि सगळे मिळून किती होते हे प्राचार्यांना, सचिवांना, कोणालाच सांगता येत नाही. पण खुर्च्या किती, हे विचारा. तोंडपाठ.

याला कोणाची लबाडी कारण असतेच असे नाही. वही वस्तूसाठी बनवलेली होती, आणि वर्गणीने घेतलेले सॉफ्टवेअर ही वस्तू नव्हे. ते हाताला लागत नाही, हिशेबात महसुली खर्च म्हणून येते आणि ३१ मार्चला त्या वर्षापुरते संपते. पुढच्या वर्षी पुन्हा बिल येते, गेल्या वर्षी भरले होते म्हणून यंदाही भरले जाते. कागदी जगात ज्याला आपण वहिवाट म्हणतो तीच इथे खरेदीची पद्धत होऊन बसली आहे. मोठ्यांचेही होते म्हणा. १९९९ च्या नाताळात खुद्द मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉम या आपल्या डोमेनची वर्गणी भरायला विसरली, हॉटमेलमध्ये लोकांना शिरता येईना, आणि अमेरिकेतल्या एका लिनक्स प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरून ते चालू केले. तिथे तो किस्सा झाला. नगरपालिकेच्या मालमत्ता कराच्या प्रणालीवर हीच वेळ मार्चअखेर आली तर किस्सा होत नाही.

करार हातात आला की सगळे रक्कम वाचतात. खरा खेळ रकमेखालच्या कलमांत असतो. आपोआप नूतनीकरणाचे कलम बहुतेक वर्गणी करारांत असते: मुदत संपण्याआधी साठ किंवा नव्वद दिवस लेखी कळवले नाही तर करार पुढच्या मुदतीसाठी पक्का. म्हणजे ज्या तारखेची तुम्ही वाट पाहत असता त्याच्या तीन महिने आधीच तुमचा निर्णय झालेला असतो, फक्त तो तुम्ही घेतलेला नसतो. दरवाढीचे कलम दरवर्षी ठरावीक टक्के वाढवत नेते. आणि सगळ्यात महागडे कलम म्हणजे मोजदाद कशाची होणार हे. ओरॅकल या अमेरिकी कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये जावा या आपल्या प्रोग्रॅमिंग प्रणालीच्या व्यावसायिक वर्गणीची मोजणीच बदलली. आधी वापरणारे किंवा प्रोसेसर मोजले जात, आता संस्थेतले एकूण कर्मचारी मोजायचे, अर्धवेळ आणि कंत्राटी धरून. ९९९ पर्यंत कर्मचारी असतील तर दरपत्रकातला दर माणशी महिना १५ डॉलर. चारशे कर्मचाऱ्यांच्या संस्थेत जावा लागणारी यंत्रे दहाच असली तरी दरपत्रकाप्रमाणे वर्षाचे ७२ हजार डॉलर होतात. यातला विनोद असा की ओपनजेडीके ही जावाची मुक्त आवृत्ती फुकट उपलब्ध आहे आणि बऱ्याच जणांचे काम तिच्यावर भागते. पण आपल्याकडे जावा कुठे-कुठे चालते हेच माहीत नसेल तर बदलणार काय? ज्यांच्याकडे यादी होती त्यांनी यंत्रे हेरली, बदलली आणि मोकळे झाले. ज्यांच्याकडे नव्हती त्यांना यादी विक्रेत्याकडून कळली, ऑडिटच्या पत्रातून.

सार्वजनिक संस्थांत या अज्ञानाला आणखी एक पदर आहे. स्थायी समितीच्या सभेत सॉफ्टवेअरचा विषय कधी येतो? मुदत संपायला आठवडा राहिला की. आणि येतो तो बहुधा आयत्या वेळचा विषय म्हणून. टिपणीत लिहिलेले असते की सध्याच्या ठेकेदारास मुदतवाढ न दिल्यास जन्म-मृत्यू दाखले, पाणीपट्टी व मालमत्ता कराची वसुली ठप्प होईल. वाक्य खरेच असते, म्हणून त्यावर कोणी बोलू शकत नाही. सदस्य हात वर करतात, सहा महिन्यांची मुदतवाढ मंजूर होते, सहा महिन्यांनी हेच वाक्य तारीख बदलून पुन्हा येते. केंद्राच्या वित्तीय नियमांत एकाच पुरवठादाराकडून खरेदीची सोय आहे. 'ही वस्तू अमुक कंपनीच बनवते आणि दुसरी चालणार नाही' असे प्रमाणपत्र खात्याने दिले की निविदेची गरज उरत नाही. अपवाद म्हणून ही तरतूद योग्यच आहे. पण सॉफ्टवेअरच्या बाबतीत 'दुसरी चालणार नाही' ही स्थिती निसर्गाने आणलेली नसते, दहा वर्षे काहीच न ठरवल्यामुळे आलेली असते. मुंबई महापालिकेच्या कारभारावरचा कॅगचा विशेष अहवाल मार्च २०२३ मध्ये विधानसभेत मांडला गेला. त्यात सॅप या कारभाराच्या सॉफ्टवेअर प्रणालीचे १५९.९५ कोटी रुपयांचे काम निविदा न मागवता जुन्याच कंत्राटदाराला दिल्याचा आक्षेप होता. त्या अहवालातल्या जमिनीच्या, पुलांच्या आणि रस्त्यांच्या आक्षेपांवर महिनाभर राजकारण झाले. सॉफ्टवेअरच्या आक्षेपावर एक मोर्चा निघाल्याचे मला तरी आठवत नाही. खड्डा दिसतो, करार दिसत नाही.

आता स्वदेशीवाल्यांचे सर्वांत बळकट म्हणणे घेऊ. ते म्हणतात, नायराच्या कपाटात कितीही उत्तम नोंदवही असती तरी मायक्रोसॉफ्टने बटण दाबायचे ते दाबलेच असते. हे खरे आहे. परदेशी कंपनी तिच्या देशाच्या आणि तिच्या बाजारपेठांच्या कायद्यांना बांधलेली असते, आणि तो धोका कोणत्याही कलमाने पूर्ण मिटत नाही. संरक्षण, ऊर्जा, पैशांची देवघेव या क्षेत्रांत हा धोका धरूनच चालले पाहिजे. तेवढ्यापुरता मी त्यांच्या बाजूचा आहे. पण किल्ली देशात असली की कुलूप उघडेलच, हा त्यांचा पुढचा निष्कर्ष मात्र महाराष्ट्राने तरी स्वीकारू नये, कारण त्याचा दाखला आपल्या दाराशी घडला आहे. ३१ जुलै २०२४ ला सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या कंपनीला यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने किरकोळ देयक व्यवस्थेपासून तात्पुरते तोडले. सी-एज म्हणजे टीसीएस आणि स्टेट बँक यांची भागीदारी. याहून स्वदेशी काय असणार? देशातल्या सुमारे ३०० छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँका तिच्यावर अवलंबून होत्या. त्यांच्या खातेदारांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडकले. हल्ला झाला होता रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा, आणि तो शिरला होता सी-एजसोबत काम करणाऱ्या दुसऱ्याच एका कंपनीच्या वाटेने. तालुक्याच्या बँकेच्या संचालकाला त्या दुसऱ्या कंपनीचे नाव त्या दिवसाआधी ठाऊक असण्याचा संभव किती? विक्रेता ठाऊक, विक्रेत्याचा विक्रेता ठाऊक नाही. हा प्रश्न झेंड्याने सुटत नाही. तो करारात उपकंत्राटदाराची माहिती मागण्याने आणि ती लिहून ठेवण्याने सुटतो, निदान आटोक्यात येतो.

रिझर्व्ह बँकेला हे कळले होते. आयटी सेवा बाहेरून घेण्याविषयीचे तिचे निर्देश एप्रिल २०२३ चे, ऑक्टोबर २०२३ पासून लागू. त्यांत विक्रेता कोणत्या देशाचा यावर बंदी नाही. बाहेरून घेतलेल्या सेवांची यादी आहे का, उपकंत्राटदारांवर नजर कोण ठेवते, विक्रेता बुडाला किंवा फिरला तर बाहेर पडण्याचा आराखडा काय, हे प्रश्न आहेत. प्रश्न असेच हवेत. फक्त हे निर्देश नागरी सहकारी बँकांपैकी टियर १ आणि टियर २ ला, म्हणजे ढोबळमानाने हजार कोटींपर्यंत ठेवी असलेल्यांना लागू नाहीत. ज्यांच्याकडे स्वतःचा आयटी विभाग नाही, जिथे सगळी माहिती विक्रेत्याच्या स्थानिक प्रतिनिधीच्या डोक्यात असते, त्याच बँका वगळल्या गेल्या. पतसंस्था तर या निर्देशांच्या जवळपासही नाहीत. छोट्यांवर नियमांचे ओझे नको, हा विचार समजतो. पण ज्या दिवशी व्यवहार बंद पडले त्या दिवशी छोटेच बंद पडले होते.

मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो ते, वापरा म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद मला मनापासून आवडतो, म्हणून त्याच्याशी जास्त कडक वागतो. ते म्हणतात, परवानाच नसेल तर नूतनीकरण कसले? केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले तेव्हा हाच विचार होता. पण मुक्त सॉफ्टवेअरलाही चालवणारा माणूस लागतो, सर्व्हर लागतो, देखभालीचा करार लागतो, आणि त्या करारालाही मुदत असते. जर्मनीतल्या म्युनिक शहराचे उदाहरण दोन्ही बाजू आपापल्या सोयीने सांगतात. विंडोज एनटीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्ट काढून घेणार म्हणून २००३ मध्ये नगर परिषदेने लिनक्स या मुक्त प्रणालीवर जायचे ठरवले. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौरांना भेटायला आले, तरी शहर बधले नाही. पुढे सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर गेले आणि २०१७ मध्ये परिषदेने विंडोजकडे परतायचे ठरवले. एक बाजू म्हणते लिनक्स हरले, दुसरी म्हणते राजकारण जिंकले. मला त्यातली तिसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते: खात्याखात्याची वेगळी आयटी व्यवस्था आणि खात्याखात्याचे वेगळे खास प्रोग्रॅम हे त्या शहराचे जुने दुखणे होते. कोणता प्रोग्रॅम कोणावाचून अडतो, हे आधी ठाऊक नसले की कोणतीही वाट लांबची होते.

मात्र एक आक्षेप असा आहे की त्याने मी खरोखर विचारात पडलो. एका परिचित आयटी प्रमुखाने तो मांडला: वही ठेवून करायचे काय? तारीख कळली, दर कळला, पण विक्रेता एकच आणि तो ऐकत नाही. माहिती म्हणजे ताकद नव्हे. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही सर्व्हरचे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी विकत घेतली आणि महिन्याभरात कायमस्वरूपी परवान्यांची विक्रीच बंद केली. वर्गणी घ्या नाहीतर जा. अमेरिकेतली एटी अँड टीसारखी बलाढ्य कंपनी कोर्टात गेली आणि आपल्याकडून १,०५० टक्के वाढ मागितली जात असल्याचे तिने मांडले. शेवटी दोघांत समझोता झाला. एटी अँड टीकडे नोंदवही नव्हती असे थोडेच आहे? मग आपल्या जिल्हा बँकेने वही लिहून कोणता गड सर करायचा?

याचे उत्तर वेळेत आहे. एवढी मोठी प्रणाली बदलायला दीड-दोन वर्षे सहज लागतात. विक्रेत्याला हे पक्के ठाऊक असते, आणि त्याचा दर त्यावरच ठरतो. मुदतीच्या नव्वद दिवस आधी तुम्ही बोलायला गेलात तर तुम्ही याचक असता. दोन वर्षे आधी गेलात तर गिऱ्हाईक. जिनिव्हाजवळची सर्न ही कणभौतिकीची प्रयोगशाळा याचा चांगला दाखला आहे. मायक्रोसॉफ्टने तिचा शैक्षणिक दर्जा काढून घेतला. मार्च २०१९ मध्ये जुना करार संपल्यावर माणशी परवाने घ्यायचे, म्हणजे खर्च दहा पटींहून जास्त. सर्नने आदल्या वर्षीच पर्याय शोधण्याचा प्रकल्प हाती घेतला होता, आणि नवा दर एकदम अंगावर न येता दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने वाढेल अशी तडजोडही मिळवली. मक्तेदारी मोडली का? मोडली नाही. पण दहा वर्षे मिळाली. माझ्या आयटी प्रमुखाला मी हेच विचारले, तुला दोन वर्षे मिळाली असती तर काय केले असतेस? त्याने लगेच चार गोष्टी सांगितल्या. त्यातली एकही मुदतीच्या आठवड्यात शक्य नव्हती.

उरला बाबूगिरीचा आक्षेप. आधीच आवक-जावक, हालचाल, लॉगबुक, डेडस्टॉक अशा वह्यांनी कार्यालये वाकली आहेत, त्यात ही आणखी एक? आणि एका शिक्षकाने चार हजारांचे उपयोगी सॉफ्टवेअर घ्यायचे म्हटले तर त्यानेही समितीपुढे रांग लावायची? ही भीती खोटी नाही. नोंद आणि परवानगी यांची गल्लत करायची आपल्याला जुनी खोड आहे. मी मागतो आहे ती नोंद. खरेदी ज्याची त्याने करावी, पण केल्यावर एका ठिकाणी लिहावी. घरात दूधवाल्याचे खाडे कॅलेंडरवर मांडले जातात, त्यासाठी कोणी कोणाची परवानगी घेत नाही. महिन्याअखेरी भांडण होऊ नये एवढाच हेतू असतो. पन्नास परवाने घेतले आणि तीसच माणसे वापरतात, हा खाडा कार्यालयात कोण मांडतो?

तरीही नुसती वही पुरत नाही, हे कबूल करावे लागते. अमेरिकेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१४ मध्ये २४ मोठी केंद्रीय खाती तपासली. सॉफ्टवेअर परवान्यांची परिपूर्ण यादी फक्त दोघांकडे होती. त्यानंतर २०१६ मध्ये तिथे कायदाच झाला, की प्रत्येक खात्याने परवान्यांची यादी ठेवावी. कायदा होऊन सहा वर्षे उलटून गेली तेव्हा, जानेवारी २०२३ मध्ये, नासाच्या महानिरीक्षकांचा अहवाल आला: पाच वर्षांत सुमारे दोन कोटी डॉलरची रक्कम दंड आणि जादा भरण्यात गेली, शिवाय सुमारे दीड कोटी डॉलरचे ओरॅकलचे परवाने न वापरता पडून होते. ते घेतले का, तर आपण नक्की किती वापरतो याची खात्री नव्हती आणि विक्रेत्याच्या ऑडिटची धास्ती होती, म्हणून. चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या संस्थेने भीतीपोटी जास्तीचे परवाने घ्यावेत! कायदा होता, पण सगळ्या संस्थेची मिळून एक व्यवस्था आणि तिला जबाबदार माणूस नीट उभा राहिला नव्हता.

यावर उपाय शोधायला आपल्याला अमेरिकेला जायची गरज नाही. पेशवाईत मामलेदाराच्या कचेरीत दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस असे दरखदार असत. त्यांचे हक्क बहुधा वंशपरंपरागत असत आणि मामलेदाराला त्यांना काढून टाकता येत नसे. हिशेबाच्या कागदावर त्यांची निशाणी लागे, आणि वर पुण्याच्या दफ्तरात त्यांचा ताळा पाहिला जाई. खर्च करणारा एक आणि लिहिणारा दुसरा, आणि लिहिणारा खर्च करणाऱ्याच्या मेहेरबानीवर नाही, ही त्यामागची अक्कल. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ही घडी विस्कटली. महाल, म्हणजे महसुलाचे विभाग, इजाऱ्याने दिले जाऊ लागले; जो जास्त बोली लावेल त्याचा महाल. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात नोंदवले आहे की अनुभव आणि सचोटी पाहून द्यायचे मामलेदारीचे पद लिलावात निघाले. इजारदाराला मुदतीत वसूल करून निघायचे होते. गावाची खरी कुवत काय, यात त्याला रस नव्हता, आणि पुण्याच्या दरबारालाही तो उरला नाही, कारण ठरलेली रक्कम येत होती. दरखदार व्यवस्थेचा गौरव करायचा हेतू नाही, वंशपरंपरेचे तिचे दोषही ढळढळीत होते. पण आजचा 'टर्नकी' ठेका पाहिला की इजाराच आठवतो: सॉफ्टवेअर त्यांचे, सर्व्हर त्यांचा, ऑपरेटर त्यांचे, अहवालही तेच काढून देणार. संस्थेच्या हाती उरते फक्त दरवर्षीचे बिल.

तेव्हा नोंद ठेवणारा माणूस खरेदी करणाऱ्या खात्याचा नको. महापालिकेत तो मुख्य लेखापरीक्षकाकडे असावा, बँकेत जोखीम किंवा अनुपालन पाहणाऱ्याकडे, छोट्या संस्थेत लेखापालाकडे. वहीत सॉफ्टवेअरचे नाव, विक्रेता आणि त्याचे उपकंत्राटदार, किंमत, मोजणीचे एकक, किती घेतले आणि किती वापरात आहेत, सूचना देण्याची शेवटची तारीख, आणि करार संपल्यावर डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत परत मिळेल, एवढे हवे. त्यासाठी आणखी एक महागडे सॉफ्टवेअर घेण्याची गरज नाही. एक साधी स्प्रेडशीट पुरते. (असे सॉफ्टवेअर विकणारेही आता दारात येतात आणि त्यांच्या करारातही आपोआप नूतनीकरणाचे कलम असते.) तारीख दीड वर्षावर आली की विषय विषयपत्रिकेवर आलाच पाहिजे, असा ठराव करून ठेवावा. सहकारी संस्थांचे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८१ खाली लेखापरीक्षण होतेच. त्याच्या अहवालात ही वही आहे की नाही, एवढा एक रकाना वाढवायला सहकार खात्याला फारसे कष्ट पडू नयेत. सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेत सभासद लाभांशावर आणि दिवाळीच्या भेटवस्तूवर तावातावाने बोलतात. बँकेच्या कोअर बँकिंगचा करार कधी संपतो, हा प्रश्न विचारलेला मी अजून ऐकलेला नाही.

सार्वजनिक संस्थांनी ही वही माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे स्वतःहून संकेतस्थळावर टाकावी. इथे लगेच सुरक्षेचे आणि व्यापारी गुपिताचे कारण पुढे येईल. सर्व्हरचे पत्ते, आवृत्त्या, संरचना हे झाकून ठेवा, त्याला कोणाचीच हरकत नसावी. पण लोकांच्या करातून दिलेली किंमत आणि करार संपण्याची तारीख यांत कोणते गुपित आहे? निविदेने दिलेल्या रस्त्याच्या कामाचा फलक त्या रस्त्यावर लागतो, ठेकेदाराचे नाव, रक्कम आणि मुदत लिहून. सॉफ्टवेअरला रस्ता नसतो म्हणून फलकही नको, हे पटणारे नाही.

संस्था स्वतःहून टाकेपर्यंत थांबायची गरज नाही. आपल्या नगरपालिकेकडे, महापालिकेकडे किंवा विद्यापीठाकडे कोणालाही साधा अर्ज करता येतो: चालू असलेल्या सर्व सॉफ्टवेअर करारांची यादी, प्रत्येकाची रक्कम, मुदत संपण्याची तारीख, आजवर किती वेळा मुदतवाढ दिली, आणि त्यातल्या किती निविदेशिवाय. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तराला कायद्याने तीस दिवस आहेत. 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असे उत्तर आले, आणि ते येण्याची शक्यता मोठी आहे, तर त्याची एक प्रत स्थायी समितीच्या सभापतींना आणि एक मुख्य लेखापरीक्षकांना द्यावी, पुढची मुदतवाढ सभेपुढे येण्याआधी.